ढकललेल्या गाडीला हार नाही

ज्योतीरामने जीप जेवायच्या टेबलावर उलटी ठेवली, तेव्हाच विजयश्रीने विचारलं होतं, "अहो, हे खेळणं आहे का पेशंट?"

"ऑपरेशनच आहे," ज्योतीराम म्हणला.

"मग आधी कोशिंबीर उचला. पेशंटच्या चाकात काकडी गेलीय."

जीप लाल रंगाची. बॅटरीवरची, पायाखालचं बटण दाबलं की चालणारी. मालकीण निशिगंधा, सिनियर केजी. ही पोरगी दिसायला बापासारखी आणि बोलायला वकिलासारखी. तिला काहीही सांगा, "का?" विचारणार. जेव. का? झोप. का? पप्पा कंपनीत गेलेत. का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्योतीरामला स्वतःलाच कधी सापडलं नव्हतं, म्हणून तो चिडायचा. तसा तो कशानेही चिडायचा. तळवड्याहून चाकणला रोज त्या ट्रॅफिकमधून जाणारा माणूस चिडका नसेल तर त्याला डॉक्टरला दाखवलं पाहिजे.

आता ऑपरेशन कशाचं, तर उताराचं.

या सोसायटीचं पार्किंग रस्त्यापेक्षा खाली आहे. का ते बिल्डरलाच माहीत. वर यायचं तर उतार चढायचा, चढलं की गेट, गेटशेजारी गणपतीचं छोटं देऊळ. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुवून पुसून एकेक करून वर येतात, देवळापुढं थांबतात आणि चेअरमन नानासाहेब प्रत्येक गाडीला स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घालतात. जमीन नानासाहेबांची. पूर्वी इथं ज्वारी यायची, आता फ्लॅट आलेत. चेअरमनची निवडणूक कधी झालीच नाही. ज्याची जमीन त्याचं चेअरमनपद, इतका सोपा कायदा.

आणि त्या हाराचा एक नियम आहे. नानासाहेबांच्या वडिलांनी गावात पहिला ट्रॅक्टर आणला. ऐन दसऱ्याला तो सुरूच होईना. गड्यांनी ढकलत देवळापुढं आणला, तर म्हाताऱ्याने हातातला हार परत टोपलीत टाकला. म्हणला, जी स्वतःच्या दमानं आली न्हाई तिला मान न्हाई. तेव्हापासून तो नियम. म्हाताऱ्याचा फोटो देवळातच लावलाय, गणपतीच्या उजव्या हाताला, आणि खरं सांगायचं तर लोक गणपतीपेक्षा त्या फोटोला जास्त घाबरतात.

मागच्या दसऱ्याला नानासाहेबांचा नातू अजिंक्य त्याची तसलीच बॅटरीवरची काळी जीप घेऊन वर गेला. मांजर चढावं तशी चढली, आवाज नाही काही नाही. त्याच्यामागे निशिगंधाची लाल जीप खडखडखड करत निघाली आणि अर्ध्यात घुर्र करून अडकली. ज्योतीरामने फक्त दोन बोटं लावली. दोनच. पण नानासाहेबांनी बघितलं.

"ढकललेल्या गाडीला हार न्हाई, बाळा."

"का?" निशिगंधाने विचारलं.

पोरं हसली. ती रडली नाही. नुसती उतरली आणि जीप तिथंच सोडून घरी गेली. त्या दिवसापासून तिने जीप चालवली नाही. वर्षभर ती जीप बाहुल्यांचं गोदाम झाली होती. आणि आता नवरात्र बसल्यावर एका संध्याकाळी तिने सगळ्या बाहुल्या बाहेर काढल्या आणि बापाला विचारलं, "पप्पा, या वर्षी आपली चढेल?"

"चढेल."

"स्वतः?"

"स्वतः."

"प्रॉमिस?"

ज्योतीरामने प्रॉमिस दिलं. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेल्या माणसाने दिलेला शब्द आहे हा. शोकेसमधे त्याचा कप आहे, कंपनीने दिलेला. 'व्हाय-व्हाय'मधे पहिला आला म्हणून. व्हाय-व्हाय म्हणजे फार अवघड नाही. लाइन बंद पडली की आरडाओरडा करायचा नाही, पार्ट बदलायचा नाही. आधी विचारायचं, का? उत्तर आलं की त्या उत्तराला परत विचारायचं, का? असं पाच वेळा केलं की खरं कारण हातात येतं. नवी पोरं भरती झाली की ज्योतीराम त्यांना हे शिकवतो, फळ्यावर बाण काढून. घरी त्या कपात विजयश्री सेफ्टी पिना ठेवते.

तर व्हाय-व्हायचा हा पहिला नंबर, घरची जीप चढत नाही म्हटल्यावर त्याने काय केलं? एकही प्रश्न न विचारता स्क्रू ड्रायव्हर उचलला.

आणि सल्ले? आपल्याकडं माणूस हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात बसला की सल्ले आपोआप चालत येतात. पहिला आला निरंजन, वरच्या मजल्यावरचा, आयटी पार्कमधला. तो घरून काम करतो, म्हणजे गॅलरीत उभा राहून सगळ्यांची कामं बघतो.

"पॉवर कमी पडतेय काका. सिंपल आहे. व्होल्टेज डबल करायचं. थांबा, व्हिडिओ पाठवतो."

व्हिडिओत कुठल्यातरी परदेशातला पोरगा हिरव्यागार बागेत असल्याच जीपमधून विमानासारखा चालला होता. मागून त्याचा बाप पळत होता. तो बाप आनंदाने पळतोय का घाबरून, हे निरंजनने बघितलं नव्हतं आणि ज्योतीरामनेही बघितलं नाही.

दुसरा आला गणराज, शेजारचा. वेल्डिंग लाइनवरचा, मूळचा बीडकडचा, मनाने सोन्यासारखा आणि हाताने हातोड्यासारखा. कुठल्याही वस्तूकडं बघून त्याला वाटतं की हिला एक पाइप कमी आहे.

दोघांनी मिळून ज्योतीरामला दुसरी बॅटरी लावायला लावली. पण ज्योतीराम काही गाढव नव्हता, सेफ्टीवाला माणूस. वायरच्या प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवली, बॅटऱ्या हलू नयेत म्हणून पट्टा मारला, फ्यूज जुनाच ठेवला. बटण दाबलं, तर टप्. फ्यूज उडाला.

"फ्यूज काढून फेका की ज्योतीरामभाऊ," गणराज म्हणला. "तिथं वायरचा तुकडा टाका. गावाकडं आमच्या विहिरीवरच्या मोटारीला तसंच चालायलंय कधीचं."

ज्योतीराम भडकला. "फ्यूज उडतो म्हणजे तो काहीतरी बोलतोय, गणराज! बोलणाऱ्याचं तोंड दाबायचं नसतं!"

"मग काय म्हणायलाय तो?"

हे मात्र ज्योतीरामला माहीत नव्हतं. त्याने तसल्याच मापाचा नवा फ्यूज आणून बसवला आणि विषय मिटवला. फ्यूजचं ऐकून घ्यायला वेळ कुणाला होता?

ट्रायलचा नियम त्याने आधीच जाहीर केला. पोरीला बसवून ट्रायल नाही म्हणजे नाही. तिच्या वजनाची आट्याची पिशवी सीटवर बसवली, बेल्ट लावला. निशिगंधाने पिशवीला स्वतःची टोपी घातली, ऊन लागेल म्हणून. सगळं कसं नियमात. फक्त पायाखालचं बटण दाबायला आट्याच्या पिशवीला पाय नव्हते, म्हणून गणराजने बटणावर वीट ठेवली.

विटेला उचलायचं कोण आणि कधी, हे तिथल्या एकाही इंजिनियरच्या डोक्यात आलं नाही.

चाकं खर्रर्र फिरायला लागली. जागच्या जागी. पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर चाकं अशी फिरत होती की वास सुटला, पण जीप हलेना. निरंजन म्हणला, "पॉवर बघा काका, पॉवर!" ज्योतीरामने मागून बोटाने जराशी सरकवली. तिथं वॉचमनच्या केबिनच्या कामाची वाळू सांडली होती. चाकं वाळूवर गेली आणि जीप जी सुटली, राव.

ज्योतीराम मागे पळाला. त्या व्हिडिओतला बाप का पळत होता, ते त्याला पळता पळता कळलं.

समोर नानासाहेबांची काळीभोर मोठी गाडी उभी होती. दसऱ्यासाठी पॉलिश करून आणलेली, पॉलिशचा वास जावा म्हणून चारी काचा खाली. जीप तिच्या पुढच्या चाकावर धडकली, फ्यूज टप् झाला आणि जीप जागेवर थांबली. पिशवी काही थांबली नाही. बेल्ट पिशवीच्या पोटात रुतला, पोट फुटलं आणि सगळा आटा खिडकीतून आत गेला. टोपी स्टिअरिंगवर जाऊन बसली.

नानासाहेब देवळातून खाली आले तेव्हा गाडीतून अजून पांढरा धूर निघत होता.

"ज्योतीराम, ह्यो काय परकार हाय?"

"ट्रायल होती नाना."

"कशाची? गिरणीची?"

त्याच संध्याकाळी पार्किंगमधे खुर्च्या टाकून मीटिंग बसली. नानासाहेब मधे, पुढ्यात लाल जीप, आरोपीसारखी. पहिला प्रश्न नानासाहेबांनीच टाकला. ही वस्तू गाडी हाय का खेळणं?

"म्हंजी बगा," ते म्हणले, "गाडी असंल तर पार्किंगचा स्टिकर पायजे. स्टिकरला आरसी बुक पायजे. आन् खेळणं असंल तर आजपास्नं पार्किंगमधी खेळण्याला बंदी. आमच्या गाडीत अजून आटा निघतोय. मंडळी म्हनती, आता थोडं तेल-मीठ टाका, शीटवरच चपात्या लाटते."

"नाना, मग अजिंक्यची जीप?" ज्योतीरामचा आवाज चढला.

"ती गाडी हाय."

"तिची आरसी?"

"तिला मी जामीन हाय."

ज्योतीराम ताडकन उठला. कंपनीत असतो तर ऑडिटमधे फेल केला असता हा माणूस, असं त्याला म्हणायचं होतं. पण समोर नानासाहेब, वर देवळात त्यांच्या वडिलांचा फोटो आणि बाजूला पोरगी त्याच्या पँटीला धरून उभी. तो म्हणला, "नाना, पोरीला शब्द दिलाय. दसऱ्याला तिची जीप स्वतः चढणार. काय अट घालायची ती घाला."

नानासाहेबांनी पोरीकडं बघितलं. पोरगी त्यांच्याकडंच बघत होती, पापणीसुद्धा न हलवता.

"ठीक हाय," ते म्हणले. "सगळ्यांनी तपासून शेफ्टी पास केली, तर रांगेत उबी कर. पर नियम त्योच. ढकललेल्या गाडीला हार न्हाई."

आणि इथं ज्योतीराम फसला. कारण या बिल्डिंगमधे राहतं कोण? एक वेल्डिंगचा, एक पेंटशॉपचा, एक ब्रेकच्या कंपनीतला, तळमजल्यावरच्या इंदुताई गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या कारखान्यात. अशा लोकांना 'सेफ्टी तपासा' म्हणणं म्हणजे वऱ्हाडाला 'पोटभर जेवा' म्हणणं. रोज संध्याकाळी शिफ्ट सुटली की एकेक जण आपापलं खातं घेऊन हजर.

दुसरी बॅटरी काढली, ते बरंच झालं. निरंजन दोन दिवस गॅलरीत आलाच नाही. मग गणराजने पुढं पाइपाचा गार्ड लावला. पुढं लावला म्हणून मागंही लावला. पलटी झाली तर, म्हणून डोक्यावर कमान लावली. इंदुताई म्हणल्या, "भाऊजी, आरशाशिवाय मागचं कसं दिसणार हो लेकराला?" दोन आरसे आले, टेम्पोला बसतील एवढे. ब्रेकवाल्याने हाताचा ब्रेक बसवला, लोखंडी. पेंटशॉपवाल्याने रेडियमच्या पट्ट्या मारल्या, त्यांचं वजन नव्हतं, पण त्याने खाली प्रायमरचे तीन हात दिले. वॉचमन धोंडीबा म्हणला, मला ऐकू कमी येतं, मागं येताना वाजणारा भोंगा पायजे. तोही आला. शेवटी कुणीतरी आग विझवायचा लाल सिलिंडर आणून सीटमागं बांधला.

ज्योतीरामला सगळं दिसत होतं. पण सेफ्टीला नाही कसं म्हणायचं? 'सेफ्टी फर्स्ट' हे त्याच्या शर्टाच्या खिशावरच छापलेलं होतं.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा करून, पेढ्याचा पुडा घेऊन तो दुपारीच घरी आला. पार्किंगमधे सगळे जमले. तपासणी झाली, प्रत्येकाने आपापला पार्ट पास केला. कुणी दुसऱ्याच्या पार्टकडं बघितलंसुद्धा नाही, शिस्त म्हणजे शिस्त. निशिगंधा आत बसली. ती कमानीतून, गार्डातून आणि दोन आरशांमधून जेमतेम दिसत होती. तिने बटण दाबलं.

घुर्रर्र.

परत दाबलं. घुर्र. सपाट जागेवर, बरं का. उतार अजून लांबच होता. जीप दम्याच्या पेशंटसारखी थरथरली आणि बसली.

"पण आता धोका काहीच नाही बघा," इंदुताई म्हणल्या.

"जीप आजारी आहे," अजिंक्य म्हणला, आणि पोरं हसली. मागच्या वर्षीसारखीच.

निशिगंधा उतरायला लागली, पण कमानीत अडकली. तिला बाहेर ओढून काढावं लागलं. ज्योतीरामने हातातला पाना खाली आपटला. तो त्याच्याच अंगठ्यावर पडला, त्यामुळे राग डबल झाला.

"गणराज! तुझ्या पाइपाने मारली माझी गाडी!"

"आता माझ्यावर येताव का? सेफ्टी सेफ्टी तुमीच करायलाव ना!"

"सेफ्टी म्हणलो होतो, पूल बांध नव्हतो म्हणलो!"

"मग जा, आता मी पानालाबी हात लावत नाही!"

सगळे आपापल्या घरी गेले. ज्योतीराम जीप घेऊन लिफ्टमधे शिरला, तर लिफ्ट ओव्हरलोडचा भोंगा द्यायला लागली. त्याने जिन्याने चढवली. वर दारात विजयश्री उभी होती. ती नुसती शोकेसपाशी गेली, कपातली एक पिन घेतली आणि पदराला लावली. तेवढंसुद्धा पुष्कळ झालं.

ज्योतीराम हॉलमधे बसून एकेक पार्ट काढायला लागला. गार्ड काढला, कमान काढली, आरसे काढले. तोंड असं की फॅनसुद्धा हळू फिरत होता. निशिगंधा समोर मांडी घालून बसली.

"पप्पा, जीप का नाही चढत?"

"निशी, आत्ता नको."

"का?"

"कारण चाकं नुसती फिरतात आणि गाडी जागेवर राहते."

"का?"

"घसरतात म्हणून!"

"का घसरतात?"

"गुळगुळीत आहेत म्हणून! प्लास्टिक आहे ते!"

"प्लास्टिक का आहे?"

"स्वस्त पडावं म्हणून! बनवणाऱ्याने रबर वाचवलं!"

"मग आपण का नाही लावलं?"

ज्योतीरामने पाना खाली ठेवला, या वेळी हळू, आणि बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार. पाचवं बोट हवेतच राहिलं.

विजयश्री स्वयंपाकघराच्या दारातून म्हणली, "मोजून झालं?"

खर्रर्र करून फिरणारी चाकं. वाळू लागल्याबरोबर सुटलेली जीप. अजिंक्यची जीप मांजरासारखी का चढते, तर तिच्या चाकांना खरं रबर आहे. पॉवर पहिल्यापासून होती. फ्यूज बिचारा तेच सांगत होता, की बाबा, मला जास्त देऊ नकोस. सगळं डोळ्यांपुढं घडलं होतं, आणि हा फळ्यावर बाण काढणारा माणूस सगळ्यांकडून पाइप गोळा करत बसला होता.

तो तसाच चप्पल घालून खाली पळाला. तळवडे चौकातल्या पंक्चरवाल्याकडं दसऱ्याची गर्दी.

"स्कूटरची जुनी ट्यूब पाहिजे."

"पंक्चर आहे साहेब."

"पंक्चरच दे! फाटकी असली तर उत्तम!"

पंक्चरवाल्याने त्याच्याकडं जरा वेगळंच बघितलं आणि दोन ट्यूबा अशाच देऊन टाकल्या. वेड्याशी व्यवहार कोण करतो?

घरी येऊन ट्यूब कापली, मागच्या चाकांवर ताणून चढवली. आता ती चाकाला कसायची कशी, या विचारात बसला होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात गणराज, हातात ड्रिल.

"बोलायचं नसलं तर बोलू नका," गणराज म्हणला. "नुसती भोकं पाडू."

ज्योतीराम बाजूला सरकला. दोघांनी न बोलता भोकं पाडली, छोटे स्क्रू बसवले, डोकी रबरात खोल बुडवली. ज्योतीरामने चाकावरून तळहात फिरवला. मग विजयश्रीची जुनी ओढणी मागून घेतली आणि ती फिरवली. एक धागासुद्धा अडकला नाही.

"पास," ज्योतीराम म्हणला.

"पाइप एखादा—" गणराजने सुरू केलं.

"गणराज!"

"नाही, नाही. सहज म्हणायलो."

बेल्ट ठेवला, फ्यूज ठेवला, बॅटरी पहिली एकटीच. इंदुताईंचं मन राखायला आतून एक छोटा आरसा ठेवला, त्यात निशिगंधाला स्वतःचं तोंड दिसायचं, तिला तो आवडला. ट्रायलला विजयश्रीने आटा द्यायचं साफ नाकारलं. ज्वारीची पिशवी दिली. म्हणली, "सांडली तर निवडून तरी घेता येईल." आणि या वेळी वीट नाही. बटणावर काठी, काठी ज्योतीरामच्या हातात. काठी उचलली की जीप थांबली पाहिजे. गच्चीवर थांबली, परत निघाली, परत थांबली. पण उतारावर काही ट्रायल घेता आली नाही, कारण तिथं बायका रांगोळी काढत बसल्या होत्या, आणि रांगोळीवरून जीप नेण्याइतका ज्योतीराम अजून वेडा झाला नव्हता.

दसऱ्याला सकाळपासून नानासाहेबांच्या गाडीतून आरत्या लागल्या होत्या. चारी दारं उघडी, आवाज एवढा की शेजारच्या सोसायटीला आरतीचा खर्च वाचला. रांग लागली. पहिला मान दरवर्षीप्रमाणे नानासाहेबांच्या गाडीचा. त्यांच्यामागे कोण, यावर मोठी माणसं वाद घालत होती तोवर निशिगंधा लाल जीप घेऊन मधे घुसली. नवा फ्रॉक, बेल्ट लावलेला.

नानासाहेब फेटा बांधून गाडीत बसले. किल्ली फिरवली.

टिक. टिक टिक टिक.

आरत्यांनी बॅटरी खाल्ली होती. नानासाहेब खाली बघतात, वर बघतात, परत टिक टिक. मुहूर्त चाललेला. मग धोंडीबाने शिट्टी वाजवली आणि सगळे पुरुष मागे लागले. गणराज, निरंजन, आणि ज्योतीरामही. हय्या करत ते धूड उतार चढलं आणि देवळापुढं आलं. मागच्या काचेवर अजून थोडा आटा होता.

नानासाहेब उतरले. टोपलीतला सगळ्यात मोठा हार उचलला, बॉनेटकडं हात नेला.

"नाना आजोबा!" खालून आवाज आला. "ढकललेल्या गाडीला हार नाही ना?"

हिला का बोलायला शिकवलं, असं ज्योतीरामला वाटलं, आणि त्याच वेळी, ही माझी पोरगी आहे, असंही वाटलं. नानासाहेबांचा हात हाराबरोबर तसाच हवेत. त्यांनी देवळातल्या फोटोकडं बघितलं. म्हातारा सरळ त्यांच्याकडंच बघत होता.

"व्हय," नानासाहेब म्हणले. "न्हाईच." आणि हार खाली घेतला. "बाजूला घ्या आमची. पुढची येऊ द्या."

पुढची म्हणजे लाल जीप.

निशिगंधाने बटण दाबलं. जीप निघाली. आवाज नाही, खडखड नाही. चढाला लागली, चाकाने रस्ता धरला, ट्यूबचं काळं रबर दिसत होतं. ज्योतीराम देवळापुढं उभा, मुठी आवळून, जणू बटण त्याच्याच पायाखाली आहे. आणि अर्ध्या उतारात जीप थांबली.

त्याच जागी. मागच्या वर्षी जिथं अडकली होती तिथंच.

ज्योतीराम पळाला. हात पुढं करणार तेवढ्यात पोरगी जिवाच्या आकांताने ओरडली, "हात नाही लावायचा पप्पा!"

तो जागच्या जागी थिजला. हात हवेत.

"अगं पण अडकली ना..."

"अडकली नाही. मी थांबवली. मोर आहे."

समोर खरंच मोर होता. रांगोळीचा, पिसारा पसरलेला. मोठ्या गाडीचं एक चाक पिसाऱ्यावरून गेलं होतं, उरलेला मोर शाबूत होता. निशिगंधाने स्टिअरिंग वळवलं, जीभ दातात धरली आणि बटण दाबलं. चढावर थांबलेली गाडी परत उचलणं किती अवघड असतं ते घाटात गाडी चालवणाऱ्याला विचारा. चाक इंचभर घसरलं. गणराजने डोळे मिटले. मग रबराने पकडलं, आणि जीप मोराला वळसा घालून, सावकाश, एखाद्या मोठ्या बाईने बाजारातून घरी यावं तशी वर आली आणि देवळापुढं थांबली.

टाळ्या पडल्या का शिट्ट्या, ते ज्योतीरामला ऐकू आलं नाही. त्याचा हात अजून तसाच हवेत होता. विजयश्रीने येऊन तो खाली केला.

नानासाहेब वाकले. मोठ्या गाडीसाठी केलेला हार त्यांनी लाल जीपला घातला. हार एवढा की जीप दिसेनाशी झाली, झेंडूच्या ढिगातून नुसत्या दोन वेण्या आणि एक आरसा वर.

"पैला मान," नानासाहेब म्हणले. "आमचा म्हातारा आज खूश झाला आसंल."

"नाना," ज्योतीराम म्हणला, "हारामुळं तिला समोरचं दिसणार नाही. सेफ्टीच्या दृष्टीने..."

"आता तू गप!" नानासाहेब, गणराज आणि विजयश्री एकदम म्हणले.

नानासाहेबांच्या गाडीला मग इंदुताईंच्या नवऱ्याच्या गाडीवरून वायरी जोडल्या, ती सुरू झाली, खाली गेली आणि स्वतःच्या दमानं परत वर आली. तिला टोपलीतला शेवटचा हार मिळाला, टू-व्हीलरसाठी केलेला. तो तिच्या नाकावर नथीएवढा दिसत होता. नानासाहेबांनी तसाच ठेवला, संध्याकाळपर्यंत. नियम म्हणजे नियम.

घरी आल्यावर ज्योतीरामने शोकेस उघडली. कप काढला, पिना टेबलावर ओतल्या, कप शर्टाच्या बाहीने पुसला आणि निशिगंधाच्या जीपच्या बॉनेटवर ठेवला. टेप मारून पक्का केला. हलवून बघितला.

विजयश्री टेबलावरच्या पिनांच्या ढिगाकडं बघत होती. "आणि आता माझ्या पिना कुठं ठेवायच्या? कप इथं कशाला लावलाय?"

ज्योतीराम काही बोलायच्या आधीच निशिगंधा जीपमधून मान वर करून बघायला लागली. तिच्या ओठांवर तो शब्द आलाच होता.

"विचार," ज्योतीराम म्हणला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. "आज पाहिजे तेवढ्या वेळा विचार."